आई ‘ओ’, बाबा ‘ओ’, मी मात्र ‘बी’

मुलुंडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी एकोणतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. बारावीच्या मुलांना पचनसंस्था म्हटलं की जांभया येतात, पण रक्तगटाचा तास आला की मागच्या बाकावरचेसुद्धा सरसावून बसतात. कारण ते पुस्तकातलं नसतं, स्वतःच्या अंगातलं असतं. मी फळ्यावर चौकोन आखायचे, आईकडून आलेलं एक जनुक वर, बाबांकडून आलेलं एक बाजूला, आणि मुलांना गणित सोडवायला लावायचे. शेवटी ठासून सांगायचे, “आई ओ, बाबा ओ, तर मूल ओच. दुसरं काही होऊच शकत नाही. अधोरेखित करा, परीक्षेला येतं.”

२००६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. तास संपवून निघाले तर दाराशी एक मुलगी उभी. तिला आपण सुजाता म्हणू.

“मॅडम, माझी आई ओ आहे, बाबाही ओ आहेत. आणि कॉलेजच्या शिबिरात माझा बी आला. असं कसं?”

माझ्या एका हातात डस्टर, दुसऱ्या हातात हजेरीपट, आणि पुढचा तास दोन मजले खाली. “अगं, कुणाचा तरी रिपोर्ट चुकला असेल. पुन्हा तपासून घ्या,” असं म्हणून मी जिना उतरले. सल्ला तसा वाईट नव्हता. अशी कोडी बहुतेक वेळा चिठ्ठी बदलल्यामुळे नाहीतर घाईत लिहिलेल्या कार्डामुळेच पडलेली असतात. पण मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, हे खरं.

त्यांनी पुन्हा तपासलं. सुजाताचा बीच आला. बाबांचा ओ, त्यांच्या भांडुपच्या कारखान्यातल्या कार्डावरही ओच होता. आईचा तर बाळंतपणाच्या कागदांपासून ओ पॉझिटिव्ह लिहिलेला, जवळच्या लॅबमध्येही तोच आला. म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. मग चूक कुठे होती?

घरात पुढे काय झालं ते मला कितीतरी महिन्यांनी कळलं. सुजाताने धाकट्या भावाला समजावून सांगायला वहीच्या मागच्या पानावर माझाच तो चौकोन काढला होता. घाटकोपरच्या भटवाडीतून आलेल्या आत्याने तो बघितला, अर्थ विचारला, आणि पोरीने भाबडेपणाने सांगितला. आत्या एवढंच म्हणाली, “मॅडमनी सांगितलं म्हणजे पुस्तकातलंच असणार.” बाबा काही बोलले नाहीत. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त रात्री जेवताना पाणी मागायचं झालं तर ते बायकोऐवजी मुलीकडे मागायला लागले. चार महिने.

आईला त्याच सुमारास गर्भाशयातल्या गाठींचा त्रास सुरू होता. पाळीत अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं. रक्ताची सोय करून ठेवा म्हणाले, म्हणून नमुना रक्तपेढीत गेला. ओ पॉझिटिव्हची पिशवी काढली, जुळवून पाहिली, जुळेना. दुसरी काढली, जुळेना. तिसरीही तशीच. तिन्ही ओच्या. तिथल्या तंत्रज्ञ बाई जाणत्या होत्या. त्यांनी पिशव्या परत ठेवल्या, डॉक्टरांना ऑपरेशन थांबवायला सांगितलं आणि नमुना परळला पाठवला.

आता मैत्रिणींनो, सुजाताच्या आईचं इथेच थोडं थांबवते. त्या तीन पिशव्या का जुळल्या नाहीत हे कळायचं तर आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीकडे जरा जवळून बघायला हवं.

कंदी पेढा असतो ना, दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबलेला, तसा तांबड्या पेशीचा आकार. मध्ये खोलगट, कडेला जाड. आकाराने इतकी लहान की एका मिलिमीटरमध्ये सव्वाशेहून जास्त पेशी ओळीने मावतात. आपल्या हाडांच्या मगजात या पेशी दर सेकंदाला सुमारे वीस लाख तयार होतात. हो, सेकंदाला. हे वाक्य तुम्ही वाचेपर्यंत कोटभर झाल्या असतील. मगजातून बाहेर पडण्याआधी ही पेशी आपलं केंद्रक टाकून देते, म्हणजे आतली सगळी जागा हिमोग्लोबिनला मिळते. केंद्रकच नाही म्हटल्यावर स्वतःची डागडुजी करणं आलं नाही. सुमारे १२० दिवस प्राणवायूची ने-आण करायची आणि मग प्लीहेत जाऊन मोडीत निघायचं. मोडीतलं लोह मात्र शरीर वाया घालवत नाही, ते पुन्हा मगजाकडे जातं. जुनी पातेली देऊन नवी घेणाऱ्या बाईसारखा हा व्यवहार. पण दर महिन्याला अंगावरून खूप जात असेल तर हा हिशेब बिघडतो, मोडच घराबाहेर जाते. सुजाताच्या आईचं हिमोग्लोबिन सातवर आलं ते त्यामुळे.

रक्तगट ठरतो तो पेशीच्या आत नाही, बाहेर. पेशीच्या आवरणावर साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या उभ्या असतात. साखर म्हणजे चहातली नव्हे, तिच्या नात्यातली म्हणा. या साखळीच्या टोकाला शरीर एक विशिष्ट साखर जोडतं, तिचं नाव फ्यूकोज. ती जोडली की तयार होतो ‘एच’. मी वर्गात याला खुंटी म्हणायचे (आधी नाही, या प्रसंगानंतर). भिंतीवर खुंटी ठोकली की तिच्यावर काहीतरी अडकवता येतं. ए गटाच्या माणसाकडे टोपी असते, तो टोपी अडकवतो. बी गटाचा छत्री अडकवतो. एबीवाल्याकडे दोन्ही असतं, त्याच्या काही खुंट्यांवर टोप्या, काहींवर छत्र्या. आणि ओ गटाच्या माणसाकडे टोपीही नाही, छत्रीही नाही. त्याच्या भिंतीवर नुसत्या मोकळ्या खुंट्या. ए, बी, ओ हे गट व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले, त्यासाठी त्यांना १९३० मध्ये नोबेल मिळालं.

दुसरी गोष्ट, आपल्या भिंतीवर जे नाही ते शरीराला परकं वाटतं. आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावरही अशाच साखरा असतात. त्यांच्या ओळखीतून बाळ काही महिन्यांचं होतं न होतं तोच त्याच्या रक्तात, आपल्याकडे नसलेल्या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. ए गटाच्या माणसाकडे छत्रीविरुद्ध पहारेकरी, बीकडे टोपीविरुद्ध, ओकडे दोन्हींविरुद्ध. चुकीचं रक्त चढलं की हे पहारेकरी त्या पेशींवर तुटून पडतात, पेशी फुटतात, आतलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडात उतरतं. थंडी वाजून येते, कंबर दुखते, लघवी काळपट होते. जीवही जातो.

मोकळ्या खुंटीविरुद्ध मात्र कुणाकडेच पहारेकरी नसतात, कारण खुंटी सगळ्यांकडे असते. म्हणून तर “ओ सगळ्यांना चालतं” असं आपण म्हणतो.

पण ज्याच्या भिंतीवर खुंटीच नसेल तर?

असा माणूस जगात असतो, हे पहिल्यांदा आपल्या मुंबईत कळलं. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांच्यासमोर असे नमुने आले, जे तपासणीत ओसारखे दिसत, पण ज्यांच्या रक्तद्रवात ओच्या पेशींच्याही गुठळ्या होत. मोकळ्या खुंटीविरुद्ध पहारेकरी! त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या तज्ज्ञांबरोबर ते काम पुरं केलं आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात सात जणांच्या नावाने लेख आला. त्या सातांमध्ये दोन बायका होत्या, हे मुद्दाम सांगते. एक रूथ सँगर, मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, रक्तगटांवरच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या सहलेखिका. दुसऱ्या विनिफ्रेड वॅटकिन्स, ज्यांनी मॉर्गन यांच्याबरोबर पुढे या साखळीतली कुठली साखर कधी जोडली जाते याचा उलगडा केला. मी इतकी वर्षं लँडस्टायनर पाठ करून घेतला, या दोघींचं नाव वर्गात कधी घेतलं नव्हतं.

शहराच्या नावावरून या गटाला ‘बॉम्बे’ म्हणू लागले. १९९५ मध्ये शहर कागदोपत्री मुंबई झालं, रक्तगट मात्र जगभर अजून बॉम्बेच आहे. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा निघतो, युरोपात दहा लाखांत एखादा. १९५७ मध्ये मुंबईत रक्तगटांची तपासणी आणि संशोधन करणारं केंद्र सुरू झालं, तीच आजची परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी. १९५२ च्या लेखातले भाटिया पुढे तिचे संचालक झाले.

गुठळ्या करून बघायची ही तपासणी म्हणजे नासलेल्या दुधासारखं दिसतं. पांढऱ्या टाइलवर रक्ताचा थेंब, त्यात औषधाचा थेंब, जरा हलवलं की एकसारखं तांबडं फाटून कणीदार होतं. यातली काही औषधं वनस्पतींच्या बियांपासून करतात. खुंटी ओळखण्यासाठी युरोपातल्या एका पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाचं बी वापरतात. आणि ए गटातला एक पोटप्रकार ओळखायला काय वापरतात माहीत आहे? आपले कुळीथ! कुळिथाचा अर्क ए पेशींच्या गुठळ्या करतो, हे जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये ‘करंट सायन्स’ या भारतातल्याच नियतकालिकात लिहिलं. (कुळथाची पिठी बिनधास्त खा. शिजवल्यावर त्यातला तो गुण राहत नाही.)

परळहून सुजाताच्या आईचा रिपोर्ट आला तो ‘बॉम्बे’ म्हणून.

जानेवारीत एका दुपारी सुजाता तो कागद घेऊन स्टाफरूममध्ये आली. माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, आता सांगा.” तेव्हा तिने घरातलं सगळं सांगितलं, आत्याचं, पाण्याच्या तांब्याचं. माझा चहा तसाच राहिला. ‘बॉम्बे’ मला ठाऊक नव्हतं असं नाही. एम.एस्सी.ला वाचलेलं होतं. पण अभ्यासक्रमात नाही, परीक्षेला येत नाही, म्हणून मी ते मनातल्या माळ्यावर टाकून दिलं होतं. “दुसरं काही होऊच शकत नाही” हे वाक्य मात्र दरवर्षी अधोरेखित करून घेत होते.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. पाच रस्त्याहून रिक्षा केली. सुजाताचे बाबा दारातच उभे होते. मी वही मागितली आणि त्याच मागच्या पानावर, माझ्या जुन्या चौकोनाखाली, भिंत काढली.

“टोपी-छत्रीचं जनुक वेगळं आणि खुंटीचं जनुक वेगळं,” मी सांगायला लागले. दोन्ही वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असतात, पहिलं नवव्या, दुसरं एकोणिसाव्या. ती दोन्ही जनुकं शास्त्रज्ञांच्या हाती लागली १९९० मध्ये. खुंटीच्या जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बाबांकडची. एक जरी चालू असली तरी खुंट्या ठोकल्या जातात. दोन्ही बंद असल्या तरच भिंत रिकामी. सुजाताच्या आईला दोन्ही बंद प्रती मिळाल्या. तिच्याकडे छत्रीचं, म्हणजे बीचं, जनुक जन्मापासून आहे. पण खुंटीच नाही, तर छत्री अडकवणार कुठे? लॅबमधल्या तपासणीला टोपी दिसली नाही, छत्री दिसली नाही, त्यांनी ओ लिहून टाकलं. सुजाताला आईकडून ती छत्री मिळाली आणि बाबांकडून खुंटीची चालू प्रत. तिची छत्री दिसायला लागली.

“म्हणजे तिचा बी हा आईचाच आहे,” मी म्हटलं. “आणि तो दिसतो आहे तो तुमच्यामुळे.”

ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, आधीचं ते, दुसरं काही होऊच शकत नाही ते, तेही तुम्हीच शिकवलं होतं ना?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आई आतल्या खोलीत पोहे करत होत्या. भांड्यांचा आवाज मघाशीच थांबला होता, त्या दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते की फोडणीचा धूर गेला होता, मला सांगता येणार नाही. मी प्रत बंद पडते ती कशी आणि कुठून याची माहिती विचारायला लागले. त्या सांगली जिल्ह्यातल्या. त्यांच्या वडिलांनी मामाच्याच मुलीशी लग्न केलेलं. आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्कच सांगतात. बंद पडलेली एकच प्रत घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप फिरत असते, कुणाला काही त्रास नसतो. नात्यात लग्न झालं की तशाच दोन प्रती एका मुलात एकत्र यायची शक्यता वाढते. आईवडील दोघांकडे एकेक बंद प्रत असेल तर प्रत्येक मुलाला चारात एक वेळा हा गट मिळू शकतो. म्हणून सख्ख्या भावंडांना तपासा, असं परळहून सांगितलंच होतं. तिघांपैकी धाकटा मामा बॉम्बे निघाला.

हे बरं झालं, कारण त्यांना रक्त चालणार ते फक्त बॉम्बे गटाचंच. ओ तर सगळ्यात वाईट, त्याच्या भिंतीवर खुंट्याच खुंट्या. डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी गोळ्यांनी पाळी आटोक्यात आणली, लोहाच्या गोळ्या दिल्या. मगजाला कच्चा माल मिळाला की तो कामाला लागतो, पण त्याच्या वेगाने. हिमोग्लोबिन साडेदहावर यायला जवळजवळ तीन महिने लागले. मामा रात्रीच्या गाडीने आले, एक पिशवी देऊन गेले. रक्ताची साधी पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते, तेवढ्यात ऑपरेशन उरकलं. पिशवी लागली, तीच एक लागली.

तुमच्यापैकी कुणी हे वाचून घाबरून जाऊ नये. दहा हजारांत एक म्हणजे तुमच्या गावात कदाचित दोन-चार जणी असतील, आणि त्या धडधाकट असतील. या गटाचा स्वतःचा काही आजार नाही, खुंटीवाचून कुणाचं अडत नाही. प्रश्न येतो तो रक्त लागलं तर. आणि बाईला रक्त लागायची वेळ बाळंतपणात येते, गावात, रात्री, धावपळीत. शिबिरांत किंवा छोट्या लॅबमध्ये बहुधा काचपट्टीवर एकाच बाजूची तपासणी होते, आपल्या पेशी आणि त्यांची औषधं. तिच्यात बॉम्बे आणि ओ सारखेच दिसतात. दुसऱ्या बाजूची तपासणी, म्हणजे आपला रक्तद्रव आणि त्यांच्याकडच्या ए, बी, ओ पेशी, तिला रिव्हर्स ग्रुपिंग म्हणतात. तिच्यात ओच्या पेशी वापरल्या की चोर पकडला जातो. कार्डावर ओ लिहिलेला असेल तर पोटुशी असताना “दोन्ही बाजूंनी तपासलंय का” एवढं विचारायला हरकत नाही. आणि “ओ निगेटिव्ह आहे, सगळ्यांना चालतं, लावा” असं कुणी म्हणालं तरी पिशवी जुळवून बघितल्याशिवाय, म्हणजे क्रॉसमॅच केल्याशिवाय, लावून घेऊ नये. अगदीच जीव टांगणीला असेल तेव्हा डॉक्टर ठरवतील, ती गोष्ट निराळी.

आणि रक्तगटावरून कुणाच्या बाळाचा बाप ठरवायला बसू नये. चिठ्ठ्या चुकतात, बॉम्बेखेरीज आणखीही दुर्मीळ अपवाद आहेत, आणि नातं खरोखर तपासायचं तर त्याची डीएनएची चाचणी वेगळी असते. मी त्यानंतर निवृत्त होईपर्यंत रक्तगटाचा तास घेतला, पण आईबाबांचे गट विचारणं बंद केलं. काल्पनिक जोडपी घ्यायचे, नावं पुराणातली. मुलं हसायची.

आत्याने माफी वगैरे मागितली नाही. पुढच्या दिवाळीला आली तेव्हा वहिनीला म्हणाली म्हणे, “माझाही एकदा परळला तपासून घेऊ का गं?” तिचा साधा ओ निघाला.

सुजाताच्या आईंनी परळच्या रिपोर्टची चिठ्ठी पाच रस्त्याजवळच्या दुकानात लॅमिनेट करून घेतली. वर लाल शाईने लिहिलं आहे, ‘ओ चालणार नाही’. तिच्या तीन प्रती आहेत. एक रेशनकार्डाबरोबर, एक सुजाताकडे. तिसरी बाबांकडे, निवृत्त होईपर्यंत ती त्यांच्या शर्टाच्या खिशात लोकलच्या पासमागे असायची. आता पास नाही, चिठ्ठी आहे.